बाईंचा हात

शिरगावच्या शाळेत कबड्डी शिकवणाऱ्या सावर्डेकर बाईंनी थांबायची खूण म्हणून हात वर केला आणि जोर लावून शिट्टी फुंकली, पण नुसतीच हवा आली.

कोविड होऊन दोन वर्षं झाली होती. ताप आठवड्यात गेला, दम मात्र परत आला नाही. एका श्वासात अख्खं मैदान पालथं घालणाऱ्या बाई आता तीनदा ‘कबड्डी’ म्हटलं की खोकायच्या आणि घरी जाऊन अंथरूण धरायच्या. मुलींना यातलं काही कळू नये म्हणून त्यांची धडपड चालायची. सोमवारी हेडसरांना सांगून टाकायचं, दुसरं कुणीतरी बघा, असं त्यांनी ठरवलंही होतं.

शिट्टी वाजली नाही, तरी चौदाही मुली जागच्या जागी थांबल्या.

“तुम्हाला ऐकू तरी काय आलं गं?” बाईंनी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी कर्णधार असलेली तेजल म्हणाली, “बाई, आम्ही गणपतीपासून तुमच्या हाताकडे बघूनच खेळतोय. शिट्टी फुंकून तुम्ही आजारी पडता, असं तुमच्या आई बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या.”

कुणीतरी वर्गातून खुर्ची आणून रेषेजवळ ठेवली. मैदानावर बाई आजवर कधी बसल्या नव्हत्या. त्या हळूच टेकल्या, रुमालाने डोळे पुसले आणि तेजलला म्हणाल्या, “पाय मागे घ्यायला उशीर करतेस तू. उद्या अर्धा तास लवकर ये, तेवढं नीट करून घेऊ.”