कारखान्यामागचं घर

दलाल ताराचंद गिऱ्हाईक घेऊन आला की शकुनबाई घराचे दोष सांगायला बसायची.

"सैपाकघर गळते जी पावसाळ्यात," आधी आलेल्या एका मास्तरला ती म्हणाली होती. "अन् छपराच्या कवेलूत विंचू निंगतात." मास्तरची बायको उंबऱ्यावरूनच परत फिरली.

केशवराव बायकोवर चिडायचे. तुमसरातला विडी कारखाना बंद पडल्यापासून त्याच्यामागची निम्मी आळी रिकामी झाली होती. कोणी नागपूरला गेलं, कोणी भिलाईला. कारखान्यासमोरचं त्यांचं किराणा दुकानही बसलं. दिवाळीत घराला जो भाव येत होता, तो होळीला उरला नव्हता. मुलगा ईश्वर नागपूरहून सारखा निरोप पाठवायचा, बाबा, लवकर विका. तिकडं भाव उतरून राहिला, इकडं चढून राहिला. पुढं सारं घर विकूनही इथं दोन खोल्या येणार नाहीत.

"तुले पोराजवळ राहाचं नाही काय?" केशवराव विचारायचे.

"पोराजवळ राहाचं आहे. पण घर कोनाले द्याचं नाही." यातला घोळ शकुनबाईलाही कळत होता.

त्या दुपारी ताराचंदने राइस मिलवाल्या भैय्याजींना आणलं. शकुनबाईने गळकं छप्पर सांगितलं, विंचू सांगितले. भैय्याजी हसले.

"गळू द्या ना बाई. मले कुठं राहाचं आहे? घर त पाडाचंच आहे. धानाचं गोदाम बांधतो."

शकुनबाईजवळ सांगण्यासारखं काही उरलं नाही. भैय्याजींनी काठीने भिंत ठोकून पाहिली, तशी मातीची एक खपली गळून पडली. ईश्वर पोटात होता तेव्हा ती भिंत तिनेच लिंपली होती. केशवराव माती कालवून देत होते.

भैय्याजींनी सांगितलेला भाव वाईट नव्हता. आता हे 'हो' म्हणतील, म्हणून तिने नवऱ्याकडं पाहिलंच नाही.

"गोदाम?" केशवराव म्हणाले. "गोदाम नोका बांधू जी इथं. पावसाळ्यात गुडघाभर पानी भरते. सारा धान सडून जाईन."

ताराचंद केशवरावांच्या तोंडाकडं पाहतच राहिला. भैय्याजींनी जोडे पायात सरकवले.

दोघं आळीच्या वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा शकुनबाई म्हणाली, "आपल्या घरात पानी कवा भरलं जी? सारी आळी बुडाली होती, तवाही आपल्या पायरीले लागलं नाही."

केशवरावांनी भिंतीची गळून पडलेली खपली उचलली.

"आता ईश्वरले काय सांगाचं?"

"सांगू, भाव पडून राहिला म्हनून." ते भिंतीला पाठ टेकून खाली बसले. "अजून थोडा पडू दे. मंग कोनी मांगाले येनारच नाही."