वादळानंतरचा मुक्काम

अक्षयाचा मावसभाऊ निनाद सायकलवरून जपान फिरत होता. टायफून आला आणि तो नागोयात आमच्याकडे अडकला. आम्ही नवरा-बायको कित्येक महिने फक्त मेसेजवर बोलत होतो. आज कुठला कचरा बाहेर ठेवायचा, जळणारा की प्लास्टिकचा, एवढंच. पाहुण्यासमोर मात्र तोंड उघडावं लागलं.

"आमटी जमलीये का रे?" तिने जेवताना मला विचारलं.

"छान झालीये," मी म्हणालो.

"दाजी, इतकं कौतुक? ताईला सवय नसेल," निनाद म्हणाला आणि ती हसली.

वादळ सरलं. निनादने सामान बांधलं, सकाळी निघतो म्हणाला. पहाटे उठून मी आवाज न करता खाली सायकल-पार्किंगमध्ये गेलो.



तिथे अक्षया त्याच्या पुढच्या चाकातली हवा सोडत होती. मी मागचं चाक घेतलं.