त्याला ठाऊक होतं

चंद्रभागाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या आणि आधी त्यांनी तुलारामकडे डोळे भरून बघून घेतलं. त्यांच्या मुलाचा, अमरचा, हा जिगरी दोस्त. रानडुकरांसाठी यानं विजेच्या खांबावर आकडा टाकला, शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं उघडी तार ओढली, आणि सकाळी त्या तारेला डुकराऐवजी बाईंचा अमर चिकटला.

आता हा म्हणत होता, तारेनं जीव जातो हे मला ठाऊकच नव्हतं, नुसता झटका बसेल असं वाटलं.

सरकारी वकिलांनी बाईंना व्हरांड्यात नीट समजावलं होतं. ठाऊक नव्हतं असं कोर्टानं मानलं, तर तो निष्काळजीपणा. फार तर दोन वर्षं. ठाऊक असून लावली असं ठरलं, तर दहा वर्षांपर्यंत. करडी गावचे बाकी सगळे साक्षीदार फितूर झाले होते. ज्याच्या त्याच्या शेतात आकडे, बोलणार कोण? बाईंच्या सोबतीला भंडाऱ्यापर्यंत आल्या होत्या त्या एकट्या शेजारच्या गोदावरीबाई. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

दोन वर्षं! बाईंच्या अंगाचा नुसता भडका उडत होता. दोन वर्षांनी हा परत येणार आणि त्याच धुऱ्यावर बसून बिडी ओढणार.

तुलारामचा वकील उठला. "आरोपीला तारेचा धोका माहीत नव्हता, हे खरं आहे ना?"

बाईंनी एकदा मागच्या बाकाकडे बघितलं. मग बोलून टाकलं.

"खोटं हाये, साहेब. त्याले ठाऊक होतं. आधल्या साली यानं अन् माह्या अमरनं मिळून अशीच तार लावली होती. म्हैस मेली त्यात. दोघायनं आमच्याच वावरात गाडली. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"कोणाची म्हैस?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ह्या गोदावरीबाईची."

तुलारामचं तोंड पांढरंफटक पडलं. अमर गेल्यापासून पहिल्यांदा बाईंच्या काळजाला थंडावा मिळाला.

बाहेर व्हरांड्यात गोदावरीबाई खांबाला धरून उभ्या होत्या. दुधावर चालणारं त्यांचं घर त्या म्हशीसोबतच बसलं होतं.

"तू बी माह्यासंग धुंडत फिरलीस न वो तिले," त्या म्हणाल्या. "पार नदीपावतर."

"फिरली," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तवा लपवाले पोरगा होता माह्यापाशी."