दुकान बंद होण्याच्या सुमारास

“भाऊजी, घड्याळं सोडून हे काय नवीन खूळ?” मेहुण्याने जाडजूड पुस्तक चाळले. वेबसाइटवर कोण येते, कुठून येते, किती वेळ रेंगाळते, हे आकड्यांवरून ओळखायला ते शिकवीत होते. “आणि खोट्या भेटींचं प्रकरण तर पार झिजवलंय तुम्ही!”

“कुणी फसवायला नको,” घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले.

वेबसाइट मेहुण्यानेच बनवली होती. घड्याळजींची लेक, त्याची भाची, भांडून घर सोडून गेली, त्यानंतर. वेबसाइटवर तिच्या आईचे छायाचित्र आणि एकच ओळ : परत ये, कुणी रागावलेलं नाही.

कित्येक महिने तिकडे कुणी फिरकले नाही. आईचे अन्न तुटले. मग घड्याळजी सुटे भाग आणायला म्हणून एका दूरच्या शहरात जाऊन आले. येताना पिशवीत हे पुस्तक होते. काही दिवसांतच आकड्यांत एक भेट उमटली. त्याच शहरातून.

“खरीच दिसतेय,” मेहुण्याने निरखून सांगितले होते.

तेव्हापासून घड्याळजी चपला काढेपर्यंतही बायकोला धीर नसे.

“आली?”

“आली. तुझ्या फोटोपाशी बराच वेळ थांबली.”

मगच ती स्वतःचे ताट घेई. “वेळेची पक्की आहे हो. तुमचं दुकान बंद व्हायच्या सुमारालाच येते. बापावर गेलीय.” जरा थांबून म्हणे, “सुटीच्या दिवशी तेवढी येत नाही.”

“तिलाही सुटी हवीच की.”

आज मात्र घास हातातच ठेवून तिने विचारले, “अहो, आपणच जाऊ या का तिकडे?”

“नको. बिथरली तर एवढं येणंही थांबवेल.”

तिने मान हलवली आणि घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सांजावताना घड्याळजींनी दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढले. खणातून दुसरा फोन काढला, त्या झिजलेल्या प्रकरणात दिल्याप्रमाणे त्यावर ठिकाण बदलून ते दूरचे शहर केले आणि वेबसाइटचे पान उघडले. यंत्रासारखे नव्हे, माणसासारखे, थबकत थबकत ते बोट सरकवीत राहिले.

खणात तळाशी लेकीसाठी त्यांनी स्वतः जुळवलेले मनगटी घड्याळ होते. त्या शहरातल्या शवागारातून सही करून आणल्यापासून त्याला त्यांनी चावी दिली नव्हती.