एका प्रोटॉनचा फरक

प्रयोगासाठी मागवलेलं जांभळ्या मक्याच्या पाण्याचं पातेलं घेऊन कासिल्दा रसायनाच्या वर्गाच्या दारात आली आणि आतला गलका एकदम थांबला. बोलिव्हियातल्या ओरुरो शहरातल्या त्या शाळेच्या फाटकाशी ती सहा वर्षं आपी विकत होती. याच मक्याची, दालचिनी घातलेली, वाफाळती पेज. सहा वर्षं सगळ्यांच्या तोंडी तिचं एकच नाव होतं: नोएमीची आई. शाळेत कुठल्या आईला तिच्या स्वतःच्या नावाने कोण ओळखतं! दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियाने याच वर्गातल्या नोएमीला नेलं, तेव्हापासून पोरं नुसतं ‘सेन्योरा’, म्हणजे बाई, म्हणत पेला पुढे करायची. जीभ अडखळायची बिचाऱ्यांची. कासिल्दाला कळायचं, तरी लागायचंच. लेक गेली ती गेली, जाताना आपलं आईपणही घेऊन गेली की काय?

“ठेवा इथे, सेन्योरा,” रसायनाच्या डेल्फिनाबाई म्हणाल्या. त्यासुद्धा.

बाईंनी दोन पेल्यांत ते पाणी ओतलं. एकात लिंबू पिळलं, पाणी लाल झालं. दुसऱ्यात खायचा सोडा टाकला, ते निळं झालं.

“सांगा, यात आम्ल-आम्लारीची संयुग्मी जोडी कुणाची?”

“लिंबू आणि सोड्याची,” दुसऱ्या बाकावरची एल्वा म्हणाली.

“टेबलावर शेजारी दिसले की लावली जोडी? मग उद्या माझी आणि या फळ्याचीही लाव.” वर्ग जरासा हसला. “जोडी या लालाची आणि या निळ्याची. रंग मक्याचाच. लालाजवळ एक प्रोटॉन आहे, निळ्याजवळचा तो गेलाय. बस, तेवढाच फरक. लाल ते आम्ल, आणि प्रोटॉन गेल्यावर त्याचं जे मागे उरतं, ते आम्लारी.”

बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. कासिल्दाचा पाय निघेना.

“बाई, गेलेला परत आलाच नाही तर?”

डेल्फिनाबाईंनी निळा पेला उचलला. “तर ते निळंच राहतं.”

“मग त्याला जोडीतून काढून टाकता?”

“नाही हो,” बाई हळूच म्हणाल्या. “ते कायम त्या आम्लाचंच. त्याच्याच नात्याने ओळखायचं त्याला.”

“मग मला का नाही ओळखत?” कासिल्दाचा आवाज चढला नव्हता. “दोन महिने झाले. माझ्या पोरीचं नाव कुणी माझ्यासमोर घेतलेलं नाही.”

मग एल्वाने बाकावरचं आपलं दप्तर उचलून खाली ठेवलं. शेजारची ती जागा तिने दोन महिने कुणाला दिली नव्हती.

“नोएमीच्या आई,” ती म्हणाली, “इथे बसा.”

“आले गं,” कासिल्दा म्हणाली.