गुडघ्यावर पुस्तक

वाचनालयात कुणी फिरकेना, तेव्हा समितीने महिनाअखेरीस त्याला कुलूप लावायचं ठरवलं. ग्रंथपालबाईंनी शेवटचा उपाय म्हणून 'फोनवरचे खोटे मेसेज कसे ओळखावेत' असा वर्ग काढला. आले दोघं, शिंपीकाका आणि त्यांची मेहुणी. तेही पंख्याखाली बसायला.

बाईंनी सरावासाठी फळ्यावर एक धडधडीत थाप लिहिली: 'जाड पुस्तक रोज तासभर गुडघ्यावर ठेवा, गुडघेदुखी कायमची जाते. मोठ्या डॉक्टरांचा शोध.' मग म्हणाल्या, "हे खरं की खोटं, उद्या तपासून या."

"तपासतो की," असं म्हणत काकांनी फळ्याचा फोटो काढला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवून दिला.

सांगून पटणार नाही, पण दुसऱ्या दिवशी वाचनालयाची रांग पार वळणापर्यंत गेली होती. शब्दकोश तर पाच मिनिटांत संपले. कवितासंग्रहांना मात्र कुणी हात लावेना, त्यांना वजनच नव्हतं.

बाई घसा फोडून सांगत होत्या, "अहो, ती थाप आहे. मीच लिहिली."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?" मेहुणीने त्यांना गप्प केलं.

संध्याकाळी समितीचे अध्यक्ष स्वतः आले. खुर्चीत बसून त्यांनी ज्ञानकोशाचा एक खंड उजव्या गुडघ्यावर नीट ठेवला आणि म्हणाले, "बाई, अभिनंदन. वाचनालय चालू राहणार. तेवढा तो वर्ग मात्र बंद करा."

"का हो?"

"अशाने लोकांचा पुस्तकांवरचा विश्वास उडेल."