सहावा पेला

“सहावा आमच्या सुनेनं घालवला,” कोणी विचारायच्या आधीच कृष्णाबाईंनी सांगून टाकलं. “त्याचे काय पैसे कापायचे ते कापा.”

पनवेलच्या बाजारात जुन्या भांड्यांचा धंदा करणारे हाफिजभाई सतरंजीवर मांडी घालून बसले होते. समोर जपानी चहाची किटली आणि बिनकानाचे पाच पेले. निम्मं घर पोत्यांत बांधून झालं होतं. सुकापूरच्या नव्या फ्लॅटात काचेचं कपाट मावणार नव्हतं, आणि कपाटच नाही तर त्यातला सेट ठेवणार कुठं? सकाळपासून आवरून आवरून कृष्णाबाईंचा जीव आंबला होता, गुडघे ठणकत होते. पण सहाव्या पेल्याचं सांगायला त्यांना दम लागत नसे. सोयऱ्यांपुढं, शेजारणींपुढं, भाजीवालीपुढंसुद्धा सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. आपसूक तोंडातून सुटायचं.

स्वयंपाकघरात त्यांची सून रूपा डबे पुसत होती. पूर्वी ती असं ऐकलं की बाहेर यायची, बोलायची. मग कधीतरी तिनं ते सोडून दिलं.

हाफिजभाईंनी एक पेला दाराच्या उजेडात धरला. पलीकडच्या बोटाची सावली पेल्यातून आरपार दिसली.

“माल अस्सल आहे, मावशी.”

“अस्सलच असणार! जपानला बोट लागली तवा आमच्या मालकांनी सोता आणलाय. बंद खोका होता. नवी नवरी म्हणून कौतुकानं हिच्या हाती दिला, कपाटात मांड म्हटलं. तर निघाले पाच! विचारलं तर म्हणते, आई, होतेच पाच.” कृष्णाबाई कोरडं हसल्या. “हिच्या माहेरी पितळेच्या पेल्यानं चहा पीत. हिला काय ठाव, सेट सहाचा असतो ते!”

आत डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. तेवढाच.

हाफिजभाईंनी पेला उपडा केला. बुडाला लाल रंगात जपानी अक्षरं होती. त्यांनी बाकीचे पेले पाहिले, किटलीचं बूड पाहिलं.

“इंग्रजी कुठंच नाही.”

“म्हंजे? खोटा हाय का?”

“उलट आहे, मावशी. बाहेरदेशी पाठवायचा माल असला की ते खाली इंग्रजीत देशाचं नाव घालतात. हा त्यांच्या घरात वापरायचा माल. तुमच्या मालकांनी तिथल्या एखाद्या गल्लीतल्या दुकानातून घेतला असणार.” त्यांनी पेले पुन्हा ओळीनं मांडले. “आणि तिकडं घरातला सेट पाचाचाच असतो. सहाव्याची रीतच नाही. हा पुरा आहे. कापायचं कशाचं?”

“पाचाचा सेट?” कृष्णाबाई उसळल्या. “पांडव येतात काय त्यांच्याकडं चहाला?”

“आता त्यांची रीत, मावशी,” हाफिजभाई हसले. “मी आजवर असे जेवढे घेतले, सगळे पाचाचे.”

कपाटात कृष्णाबाई सहाव्या पेल्याची जागा नेहमी मोकळी सोडत. कोणी विचारावं म्हणूनच सोडत. हाफिजभाईंनी लावलेल्या ओळीत कुठं फट नव्हती.

आत फडक्याचा आवाज थांबला होता.

कृष्णाबाईंनी गुडघ्यांवर हात रोवले. उठल्यासारखं केलं, आणि तशाच बसून राहिल्या.

“हाफिजभाई,” त्या म्हणाल्या, “आत्ता काय बोललात ते परत बोला. जरा मोठ्यानं. आन् तोंड तिकडं करून.” त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघर दाखवलं. “मला आताशा कमी ऐकू येतं.”